तात्या, रातकिडे आणि माशांचा गळ

आमच्या अटलांटाच्या घरात सध्या तिघं राहतात. मी, माझा नागपूरकर रूममेट आणि तात्या. तात्या म्हणजे सरडा. साधासुधा नाही, ऑस्ट्रेलियन. ह्या जातीला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, कारण चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो आणि दाढी आल्यासारखा दिसतो. बाकी ड्रॅगनपणा काही नाही. दिवसभर दिव्याखाली दगडावर पसरलेला असतो. लहान असताना तो अधूनमधून पुढचा एक पाय उचलून संथपणे टाटा करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा मीही उलट टाटा केला. नंतर वाचलं, की हा 'मी गरीब आहे, मला मारू नका' असा इशारा असतो. सोमवारच्या स्टेटस मीटिंगमध्ये मी साधारण हेच करतो :)

तात्या माझा नाही, रूममेटचा. पण डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला तो पाच आठवडे नागपूरला गेला आणि पाच महिन्यांचा तात्या माझ्या पदरात पडला. जाताना त्याने फ्रीजवर एक कागद चिकटवला. चौदा मुद्दे. मी तो कागद आपण रीडमी फाईल वाचतो तसा वाचला. म्हणजे पहिले तीन मुद्दे.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "त्याला खायला काय घालतोस?"

"रातकिडे."

बराच वेळ शांतता. मग, "पाल पाळलीत ते एक वेळ समजू शकते. पण तिच्यासाठी किडेही पाळताय?"

हो. पाळतोय. एक हजार रातकिडे एका खोक्यात पोस्टाने येतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले असतात आणि त्यांच्या खाचांमध्ये ही सगळी मंडळी बसलेली असते. वाढत्या वयाचा सरडा दिवसाला तीस-चाळीस सहज फस्त करतो. नियम एकच, किडा तात्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पण पहिल्याच आठवड्यात खोकं उघडताना माझ्या हातून सुटलं. त्यानंतर आठ दिवस माझ्या खोलीत रात्री जे संगीत चालू होतं, त्याने मी रातकिड्यांचा धसकाच घेतला.

मग मी इंजिनिअरी डोकं चालवलं. दुकानात मिलवर्म मिळतात, म्हणजे पिठात होतात तसल्या भुंग्यांच्या अळ्या. उड्या मारत नाहीत, ओरडत नाहीत, डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या की महिनाभर गप्प पडून राहतात. माझ्या दह्याशेजारी त्यांची सोय केली. तात्या मिटक्या मारत खायचा. कागदावर पुढे कुठेतरी 'रोज कॅल्शियमची पावडर लावून देणे' असं होतं. अळीला पीठ लावायचं म्हणजे भजी करायची का, असा विनोद मीच मला केला आणि तो मुद्दा सोडून दिला.

पाचव्या आठवड्यात तात्याचे मागचे पाय थरथरायला लागले. मला वाटलं थंडी. मग एक दिवस तो नेहमीच्या दगडावर चढायला गेला आणि त्याला चढताच येईना. पोट घासत तिथेच बसून राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी दाढी फुगवली नाही, टाटा केला नाही.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. हाडं जितकी पांढरी दिसायला हवीत तितकी दिसत नव्हती. त्यांनी विचारलं, खायला काय? मी सांगितलं. पावडर? मी गप्प. दिवा किती जुना? दिवा दीड वर्षाचा होता, रूममेटने कुणाकडून तरी जुनाच घेतलेला. तो छान उजेड देत होता, पण हाडांना लागणारे अतिनील किरण त्यातून केव्हाच येईनासे झाले होते. शरीरात कॅल्शियम येत नाही म्हटल्यावर शरीर ते हाडांतून काढून घेतं. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की किड्यात कॅल्शियम नसतंच, ते आपण घालायचं असतं.

तोंडातून औषध, नवा दिवा आणि रोज पावडर ह्यांनी तात्या सावरला. शेपटीच्या टोकाला एक लहानसा बाक मात्र कायमचा राहिला.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. किड्यात कॅल्शियम नसतंच? मग ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ह्याच्या आजोबांना पावडर लावून कोण देत होतं? आणि नसेलच, तर सगळं जग ह्या सरड्यांना रातकिडेच का घालतं? हा मेन्यू ठरवला कुणी? पुढचे सहा-सात वीकेंड ह्यातच गेले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात सरड्यांपासून होत नाही, पक्ष्यांपासून होते. युरोपात अठराव्या शतकात गाणारे पक्षी पिंजऱ्यात ठेवायचा मोठा षौक होता. त्यातला नाइटिंगेल म्हणजे मानाचा गवई. पण हा गवई दाणे खात नाही, त्याला जिवंत किडे लागतात. मग जर्मनीतल्या हौशी लोकांनी पिठातल्या अळ्या घरी वाढवायला सुरुवात केली. योहान बेखश्टाइन नावाच्या निसर्गतज्ज्ञाने १७९५ मध्ये घरात पाळायच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात कृती दिलेली आहे: मातीचं भांडं घ्या, त्यात गव्हाचा कोंडा किंवा सातूचं पीठ भरा, जुन्या चपलेच्या चामड्याचे तुकडे टाका, अळ्या सोडा, वर ओलं लोकरी फडकं टाका आणि काही महिने हात लावू नका. चामडं सोडलं तर आजची कृती जवळजवळ हीच आहे. फडक्याऐवजी गाजराचा तुकडा घालतात, बस्स.

म्हणजे मी फ्रीजमध्ये ठेवलेली डबी सव्वादोनशे वर्षांची परंपरा होती. आणि ती निवडली कुणी? पक्ष्याच्या पोषणाचा अभ्यास करून कुणी निवडली नव्हती. गिरणीवाल्याकडे आणि बेकरीत ह्या अळ्या आयत्या सापडायच्या, म्हणून निवडली गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत परत येणार आहे.

आता रातकिडा. जगात रातकिड्यांच्या हजारो जाती आहेत, पण खोक्यातून येणारी मुख्य जात एकच: अचेटा डोमेस्टिकस, म्हणजे घरगुती रातकिडा. लिनियसने १७५८ मध्येच त्याला हे 'घरगुती' विशेषण लावून ठेवलं. मूळचा तो बहुधा नैर्ऋत्य आशियातला. युरोपच्या थंडीत त्याला उघड्यावर जगता येत नाही, म्हणून तो माणसाच्या चुलीशी येऊन राहिला. इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने १७८९ साली आपल्या गावच्या निसर्गावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यात स्वयंपाकघरातल्या चुली आणि बेकरीच्या भट्ट्यांजवळ राहणाऱ्या ह्या किड्याचं वर्णन आहे. डिकन्सने १८४५ मध्ये ह्याच चुलीवरच्या रातकिड्याच्या नावाने आख्खी ख्रिसमसची गोष्ट लिहिली. तिथे तो घराचं शुभचिन्ह आहे. माझ्या खोलीत ते शुभचिन्ह आठ रात्री ओरडत होतं, असो.

चुलीशी राहण्याचा एक परिणाम फार महत्त्वाचा. थंड प्रदेशातले रानातले बरेच रातकिडे वर्षातून एकच पिढी काढतात, कारण मध्ये हिवाळा काढायचा असतो. त्यासाठी अंडी किंवा पिल्लं काही महिने वाढ थांबवून झोपून राहतात. घरगुती रातकिड्याला ही झोप नाही. त्याला ऊब द्या, कोंडा द्या, पाणी द्या, की तो बारा महिने अंडी घालत राहतो. साधारण तीस अंश तापमानात दोनेक महिन्यांत अंड्यापासून परत अंडी घालणारा किडा तयार. थोडक्यात, हा प्राणी आधीच फॅक्टरीसाठी बनलेला होता. फक्त फॅक्टरी यायची बाकी होती.

ती आली अमेरिकेच्या दक्षिणेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि ती सरड्यांसाठी आली नव्हती. ती आली माशांसाठी! दक्षिणेतल्या तळ्यांमध्ये ब्लूगिल वगैरे छोटे मासे गळाने पकडणं हा लोकांचा रविवारचा उद्योग, आणि गळाला लावायला रातकिडा एक नंबर. आधी पोरं रानातून पकडून आणायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरगुती जात खोक्यात वाढते. आर्मस्ट्राँग (१९४७), घॅन्स (१९५२), फ्लूकर (१९५३) ही ह्या धंद्यातली जुनी नावं, जॉर्जिया आणि लुईझियाना राज्यांतली. घॅन्सचं ऑगस्टा गाव आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. सगळ्यांचा माल एकच: गळाला लावायचे रातकिडे.

आपल्याकडच्या नदीवर गळ टाकून बसणाऱ्या लोकांना विचारा, ते गांडूळ लावतात नाही तर कणकेचा गोळा. समजा ब्लूगिललाही कणीक आवडत असती, तर आज तात्याच्या ताटात काय असतं, कोण जाणे.

पुढची तीस-चाळीस वर्षं प्राणिसंग्रहालयं आणि प्रयोगशाळा ह्या गळवाल्यांचेच रातकिडे घेत होत्या, कारण बारा महिने, हव्या त्या आकारात आणि खात्रीने मिळणारा किडा दुसरा नव्हताच. तोवर तात्याचे पूर्वज अजून अमेरिकेत पोचले नव्हते. त्यांची गोष्ट वेगळी आणि जरा चोरटी आहे.

ह्या सरड्याचं शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. त्याचं वर्णन एर्न्स्ट आल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये केलं. ग्रीकमध्ये पोगोन म्हणजे दाढी. तो राहतो पूर्व आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकातच आपले देशी प्राणी धंद्यासाठी बाहेर पाठवायला बंदी घातली, आणि १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानादुकानांत हे सरडे दिसायला लागले. कसे? बंदीनंतरच्या काळात थोडेफार प्राणी चोरून युरोपात, मुख्यतः जर्मनीत गेले आणि तिथे त्यांची पैदास झाली. आज ऑस्ट्रेलियाबाहेर घराघरांत जे आहेत, ते जवळजवळ सगळे त्या मूठभर सरड्यांचे वंशज.

म्हणजे बघा, मूठभर सरड्यांचा वंश आणि एकाच जातीचे रातकिडे ह्यांची गाठ पडली. दोघंही आपल्या गावापासून हजारो मैल दूर, दोघंही माणसाने सोयीसाठी वाढवलेले. १९९३ मध्ये जुरासिक पार्क येऊन गेला होता आणि पोरापोरांना घरात डायनोसॉर हवा होता. हा सरडा स्वभावाने गरीब, दिवसा जागा, हातावर बसणारा. मागणी वाढली. गळाच्या रातकिड्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं आणि फार्मवाल्यांचा धंदा फुगला.

आता डॉक्टरबाईंच्या वाक्याकडे येतो. रातकिड्याला आतून हाडं नसतात. त्याचा सांगाडा म्हणजे बाहेरचं कवच, आणि ते कॅल्शियमचं नसून कायटिनचं असतं. त्यामुळे त्याच्या शरीरात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि सरड्याला हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त. पिठातल्या अळीची कथा तशीच. मेरी ॲलन आणि ओलाव्ह ऑफ्टेडाल ह्या दोघांनी १९८९ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली. रातकिड्याला मरायच्या आधी दोन-तीन दिवस भरपूर कॅल्शियम असलेलं पीठ खाऊ घातलं, तर ते त्याच्या पोटात असतं, आणि तसा भरल्या पोटाचा रातकिडा खाणाऱ्याला ते मिळतं. म्हणजे किडा झाला नुसता डबा, खरं जेवण डब्याच्या आत. ह्यालाच गटलोडिंग म्हणतात. रूममेटच्या कागदावर हा मुद्दा अकरावा होता. अर्थात मी वाचला नव्हता.

इथपर्यंत मला वाटत होतं, की चला, एक जुगाड होता, त्याला पॅच मारला, चालू आहे. आपल्या प्रोजेक्टमध्येही असंच असतं. पण मग २००२ आणि २००९ आलं.

विषाणूंची एक टोळी आहे, डेन्सोव्हायरस. पार्व्होव्हायरसच्या घराण्यातली. ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना पार्व्हो म्हटलं की पोटात गोळा येतो, तर त्याचीच ही किड्यांतली चुलत भावंडं. माणसाला आणि सरड्याला ह्यांचा त्रास नाही. घरगुती रातकिड्यावर पडणारा ह्यातला प्रकार फ्रान्समध्ये १९७७ साली वेगळा करून नोंदला गेला होता. पंचवीस वर्षं त्याची कुणी फार दखल घेतली नाही. २००२ पासून युरोपातल्या फार्मांवर रातकिडे मरायला लागले. शेवटच्या कातीच्या सुमारास, म्हणजे नेमके विकायच्या वेळी, किडा मंदावतो, पाठीवर पडतो, पाय हलवत राहतो आणि मरतो. विषाणू चिवट, खोकी आणि ट्रे ह्यांवर तसाच टिकून राहतो. काहीच दिवसांत कोठारंच्या कोठारं साफ.

अमेरिकेत तो २००९ मध्ये आला. मग जे व्हायचं तेच झालं. ज्या फार्मांवर लाखोंनी एकाच जातीचे, एकाच खोलीत, एकाच उबेत किडे वाढत होते, तिथे एकदा शिरकाव झाला की थांबवणारं काहीच नव्हतं. दोन-तीन पिढ्या चालत आलेले धंदे काही आठवड्यांत रिकामे झाले. काहींनी सगळा माल मारून, खोल्या धुऊन नव्याने सुरुवात केली. काहींनी दिवाळखोरी जाहीर केली. त्या दोन वर्षांत ज्यांच्याकडे सरडे, बेडूक, कोळी होते, त्यांना दुकानदार सांगायचे, रातकिडे नाहीत, पुढच्या आठवड्यात बघा.

आपल्या भाषेत ह्याला सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हर एक, बॅकअप नाही, आणि पन्नास वर्षं तो कधी पडला नाही म्हणून कुणी विचारही केला नाही. खरं तर हा धडा फार जुना आहे. फ्रान्सच्या रेशीम अळ्यांवर रोग पडला म्हणून लुई पाश्चरला १८६५ मध्ये दक्षिणेत अलेसला पाठवलं होतं. त्याने रोगी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून त्यांची अंडी बाद करायची पद्धत काढली, आणि भारतातल्या रेशमाच्या अंडीकेंद्रांत ती अजून वापरतात. एकाच जातीचे लाखो जीव एकत्र वाढवले, की रोग येणार हे तेव्हाच कळलेलं होतं. फक्त गळाच्या रातकिड्यांसाठी पाश्चर बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

मग लोकांनी पर्याय शोधले, आणि इथे गोष्ट गमतीदार होते. फार्मवाल्यांनी गुपचूप दुसऱ्या जातींचे रातकिडे वाढवायला घेतले. डेव्हिड वाइसमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ह्यावर निबंध लिहिला, ज्याच्या शीर्षकातच 'अब्जावधी विकले' असे शब्द आहेत. दुकानांत विकल्या जाणाऱ्या रातकिड्यांमध्ये त्यांना एक अशी जात मिळाली, जिचं शास्त्रात नावच नव्हतं! लोक तिला 'क्रेझी रेड' म्हणत, म्हणून त्यांनी स्पॅनिशमधून नाव दिलं, ग्रिलस लोकोरोहो, वेडा लाल. हजारोंनी विकली जाणारी जात, आणि शास्त्रज्ञांना ती जंगलात नाही, खोक्यात सापडते. निबंधातला इशारा मात्र गंभीर होता. परक्या जातीचे किडे असे राज्याराज्यांतून फिरायला लागले आणि बाहेर सुटले, तर शेताचं काय होईल?

आज इथे घरगुती रातकिडा परत मिळतो, पण त्याच्या बरोबरीने पट्टेरी रातकिडाही मिळतो, ग्रिलोडस सिगिलाटस. ह्याला हा विषाणू सहसा मारत नाही. आणि हा कोण, तर आपल्या भारतातल्या घरांतही सापडणारा. मोरीच्या कोपऱ्यात, माळ्यावर दिसतो तोच. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग इथून नेला असतास की, फुकट."

युरोपात रातकिड्याच्या जोडीला टोळ मिळतात. खरेखुरे टोळ. पिकांचं नुकसान थांबवायचं म्हणून विसाव्या शतकात बोरिस उवारोव्ह वगैरे मंडळींनी लंडनमध्ये टोळांचा अभ्यास मांडला, त्यासाठी प्रयोगशाळांत टोळ पिंजऱ्यात वाढवायची पद्धत बसली, आणि आता तिथे डबीत टोळ विकत मिळतात. अमेरिकेत ते पाळायला बंदी आहे. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळधाड आली होती तेव्हा लोक शेतात थाळ्या बडवत उभे होते. रूममेटच्या काकांची संत्र्याची बाग त्याच पट्ट्यात आहे. जर्मनीत लोक टोळ विकत घेतात, हे त्यांना सांगायची त्याची अजून हिंमत झालेली नाही.

तिसरा पर्याय दुबिया झुरळ, दक्षिण अमेरिकेतलं. वास कमी, आवाज नाही, काचेवर चढता येत नाही, पिल्लंच घालतं. पोषण चांगलं. पण झुरळ ते झुरळ. घरात झुरळं मारायला स्प्रे आणि पाळायला डबा, हे माझ्या मनाला काही पटत नाही. आणि चौथा पर्याय मला सगळ्यात आवडलेला, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची अळी. आमच्याच जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला क्रेग शेपर्ड नावाचे कीटकशास्त्रज्ञ कोंबड्यांच्या विष्ठेचं काय करायचं ह्यावर काम करत होते. ही अळी ती खाऊन फस्त करते. पुढे लक्षात आलं, की हिच्या अंगातच भरपूर कॅल्शियम असतं, पावडर लावायची गरज जवळजवळ नाही. पुण्यात ज्यांनी गच्चीत ओल्या कचऱ्याचा डबा ठेवलाय त्यांनी ही करड्या रंगाची जाड अळी नक्की पाहिली असेल आणि किंचाळून झाकण लावलं असेल. झाकण उघडा, ती चांगली आहे.

थोडक्यात हिशोब असा. पिठातली अळी आली गिरणीतून, रातकिडा गळावरून, टोळ शेतीखात्यातून, सोल्जर अळी कोंबड्यांच्या खुराड्यातून. तात्याला काय लागतं, हा प्रश्न ह्यातल्या एकाही वेळी सगळ्यात आधी विचारला गेला नव्हता.

तो प्रश्न काही लोकांनी शेवटी विचारला. नेदरलँड्सच्या डेनिस ऊनिंक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या सरड्यांच्या पोटात काय आहे ते पाहिलं. सरड्याला न मारता, पोट धुऊन. रातकिडा नव्हता मुख्य. पालापाचोळा होता, आणि किड्यांमध्ये मोठा वाटा होता वाळवीचा, त्यातही पंखवाल्या वाळवीचा.

हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. पंखवाली वाळवी म्हणजे आपली पावसाळी पाखरं! पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाईटभोवती जी झुंबड उडते, सकाळी फरशीवर नुसते पंख पडलेले असतात, ती. आमच्या घरी आई दिवा बंद करून परातीत पाणी ठेवायची. आणि भिंतीवर पाली जमायच्या. वर्षातली त्यांची दिवाळी. एका रात्रीत पोट फुटेस्तोवर खायच्या, कुणी पावडर लावून देत नव्हतं.

पण वाळवी कोण विकणार? ती डबीत वाढत नाही, आणि लाकडी घरांच्या ह्या देशात तिचं नाव काढलं तरी घरमालक डिपॉझिट ठेवून घेईल. म्हणून मेन्यू अजून सोयीचाच आहे, मी काही तो बदलू शकत नाही. पण एक किडा, एक डबी, एक सवय, हे बदलू शकतो. आता तात्याला पट्टेरी रातकिडे, सोल्जर अळ्या, कधीतरी रेशीम अळी आणि रोज चिरलेली पालेभाजी असं आलटून पालटून मिळतं. रातकिड्यांना आधी दोन दिवस चांगलं जेवू घालतो. पावडर लावतो. दिव्यावर मार्करने तारीख लिहिली आहे.

रूममेट आला त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. तात्याला हातावर घेतलं, शेपटीचा बाक बोटाने चाचपला, आणि म्हणाला, "दिवा जुना आहे हे मलाही माहीत नव्हतं बे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. चौदा मुद्द्यांत दिव्याचं नाव नव्हतं हे खरं. पण पावडरचं होतं.

परवा आईचा फोन होता. तिकडे पाऊस सुरू झालाय, दिव्याभोवती पाखरं आलीत, पाली जमल्यात. म्हणाली, तुझ्या तात्याला इकडे आण, चार दिवस पोटभर जेवेल.

असो. रातकिडे ओरडतायत, त्यांच्या जेवणाची वेळ झाली. आधी ते, मग तात्या, मग मी.